दोन डिस्क आणि एक गाऱ्हाणं

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.
बहिणीचा, चेतनाचा फोन. दिवाळीच्या पाडव्याला मुलुंडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जातेय. नारळ ठेवताना गाऱ्हाणं बाबांच्याच आवाजात हवं म्हणते, तो व्हिडिओ पाठव. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. कुठल्याही शुभकार्याला देवापुढे नारळ ठेवून मालवणीत गाऱ्हाणं तेच घालायचे, आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' करून ओरडायचो. त्यांचा आवाज असलेला तेवढा एकच व्हिडिओ. आईने ऐकलं आणि लगेच म्हणाली, पाडवो कित्याक, माका आजच ऐकव.
दोन मिनिटांत पाठवतो म्हणालो. उगाच नाही घरात सर्व्हर ठेवला. आतमध्ये दोन डिस्क, एकीत जे असतं तेच दुसरीत. मिरर म्हणतात. एक गेली तरी दुसरी आहेच. म्हणून तर गेल्या वर्षी फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, फोनमधलं बिनधास्त उडवा, माझ्याकडे सेफ आहे.
सुगंधाने विचारलं, डिस्क दोन पण खोकं एकच ना? बायकोला हा कन्सेप्ट अजून कळलेला नाही.

११.४०. सर्व्हर दिसत नाही. नेटवर्कचा इश्यू. किरकोळ.

दुपारी ४. अजून किरकोळच.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
केबल बदलली. राउटर चार वेळा बंद-चालू केला. त्यात सुगंधाची ऑफिसची मीटिंग तीनदा तुटली. तिला सांगितलं, मोठ्या कामात असं होतं. तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
सापडलं! सर्व्हर आणि टीव्ही, दोघांना नेटवर्कवर एकच नंबर दिला गेला होता. कोणी दिला हा मुद्दा गौण आहे. नंबर बदलला, सर्व्हर झकास दिसायला लागला. घाटकोपरमध्ये हे किती जणांना जमलं असतं?
फक्त आता तो बीप करतोय.

२७ सप्टेंबर, शनिवार.
बीप चालूच. आईला वाटतं कुणाचा तरी फोन आलाय, सारखी उचल उचल करते. स्क्रीनवर लिहून आलं, एक डिस्क खराब.
अंधेरीला आमच्या ऑफिसात आयटीला केयूर आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, विशालभाई, दुसरं काही करू नको. चांगल्या डिस्कवरून तो व्हिडिओ आधी पेनड्राइव्हवर घे, आणि दोन्ही डिस्कवरच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेव. चांगला मुलगा आहे पण घाबरट. सिस्टिम आधी दुरुस्त केली की कॉपी आरामात होते. मी ठरवलंय: आधी सॉफ्टवेअर अपडेट, मग नवी डिस्क, मग व्हिडिओ. शिस्त.

२८ सप्टेंबर, रविवार.
अपडेट केलं. सर्व्हर आता बूटच होत नाही. पण बीपही थांबलाय.
नवी डिस्क ऑर्डर केली. तोवर जुन्या दोन्ही बाहेर काढून सर्व्हरशेजारी, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. दोघी दिसायला अगदी सारख्या. खराब कुठली ते कळावं म्हणून खूण करायला गेलो तर मार्कर वाळलेला. सीरियल नंबर तर मुंगीएवढे, ते वाचायला चष्मा बदलावा लागतो. हाताशी देव्हाऱ्यातली करंडी होती. खराब डिस्कला कुंकवाचा ठिपका लावला. हे असं पटकन सुचायला डोकं लागतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
घरातल्या सगळ्या मशिनींची पूजा आईने केली. शिलाई मशीन, मिक्सर, वॉशिंग मशीन, माझी स्कूटर. मी खाली स्कूटरला हार घालत होतो तेवढ्या वेळात डिस्कचीही केली. वर आलो तर दोघींना कुंकू, अक्षता आणि झेंडूची पाकळी.
मी ओरडलो. आई म्हणाली, एकाक कुकू लावलंस, दुसऱ्यान काय पाप केल्यान? सणाच्या दिवशी एकीचं कपाळ मोकळं बघवेना तिला.
घाबरण्यासारखं काही नाही. बुद्धीने सुटेल.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १२.
सुटलं. माझं कुंकू रविवारचं, आईचं गुरुवारचं. म्हणजे फिकट ठिपकेवाली डिस्क माझी, म्हणजेच खराब. सुगंधा म्हणाली, केयूरला बोलाव, नाहीतर आईंना नीट विचारून घे. आईला डिस्कमधलं काय कळणार?

दुपारी ३. नेटवर वाचलं होतं, खराब डिस्क तशीच टाकू नये, लोक डेटा काढून घेतात. आपले फोटो कुणाच्याही हाती लागायचे. फिकट ठिपकेवाली गच्चीवर नेली आणि वरवंट्याने फोडली. सात घाव. आत आरशासारखी चकचकीत तबकडी असते, तिचे तुकडे झाले. फार समाधान वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार.
केयूर घरी आला. सर्व्हर बूट का होत नव्हता ते त्याने अर्ध्या मिनिटात शोधलं. सर्व्हरच्या पाठीमागे गणपतीतल्या आरत्यांचा पेनड्राइव्ह लागलेला होता, अपडेटनंतर सर्व्हर त्याच्यातून सुरू व्हायला बघत होता. मीही तिथपर्यंत आलोच होतो.
राहिलेली डिस्क लावली, शेजारी नवी लावली, नवीवर कॉपी सुरू केली. तीन टक्के. मग टक टक टक. मग बीप.
केयूरने विचारलं, दुसरी कुठाय? तुकड्यांची पिशवी दाखवली. त्याने आत बघितलं आणि चहा न घेता गेला.

संध्याकाळी आईला विचारलं, कुंकू नेमकं कसं लावलंस. ती म्हणाली, आधीचा पुसट झालेला, म्हणान त्येच्यावर ताजा लावलंय. दुसऱ्याक लावूक करंडीत उरला न्हवता, बोटाक होता तेवढाच टेकवलंय.
म्हणजे फिकट ती चांगली होती.
मला वाटतं दोन्ही खराबच असाव्यात.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
हाफ डे टाकून डेटा काढणाऱ्या माणसाकडे गेलो. टक टक वाली त्याने मशीनला लावली, कान लावून ऐकलं, म्हणाला आतला पृष्ठभागच खरवडला गेलाय, यातून काही येणार नाही. मग मी पिशवी पुढे केली. त्याने तुकडे बघितले आणि हळूच विचारलं, घरात भांडण झालं होतं का? मी हो म्हणालो.

१२ ऑक्टोबर, रविवार.
खचायचं कारण नाही. फॅमिली ग्रुपवर टाकलं, बाबांचा गाऱ्हाण्याचा व्हिडिओ कुणाकडे असल्यास पाठवा. अकरा जणांनी लिहिलं, डिलीट केला. चेतनाने माझाच गेल्या वर्षीचा मेसेज मला परत पाठवला: फोनमधलं बिनधास्त उडवा. खाली तिनेच तेव्हा दिलेला अंगठा.

१५ ऑक्टोबर, बुधवार.
आई रोज विचारते, झाला काय रे? मी रोज म्हणतो, प्रोसेस चालू आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार.
आज ती विचारायला आली नाही. देव्हाऱ्याजवळ गेली, खालच्या कप्प्यातला रिकामा सर्व्हर फडक्याने पुसला आणि आत जाऊन पडली. सुगंधाने तिला सगळं सांगितलंय. मी पाडव्यानंतर सांगणार होतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.
मुलुंड. फ्लॅट छान आहे. पाटावर नारळ ठेवला, सगळे उभे राहिले. चेतना माझ्याकडे बघत नव्हती. आई म्हणाली, विशालाचो आवाज तेंच्यासारकोच आसा. तेंचो झील मा तू, तूच घाल गाऱ्हाणा.
मी पुढे झालो. मोठ्याने म्हणालो, देवा म्हाराजा! सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!
पुढचं येईना. तो व्हिडिओ माझ्याकडे तीन वर्षं होता, दोन-दोन डिस्कवर, आणि मी तो एकदाही शेवटपर्यंत ऐकला नव्हता. सेफ आहे म्हटल्यावर ऐकायचा कशाला. आईलाही शब्द येईनात, बायका आतून नुसतं व्हय म्हाराजा म्हणायच्या. मी परत म्हणालो, देवा म्हाराजा. सगळ्यांनी परत व्हय म्हाराजा म्हटलं, जरा हळू. मग चेतनाने दूध उतू घालवायला ठेवलं आणि सुगंधाने नारळ माझ्या हातून घेतला.

परत येताना रिक्षात आईला विचारलं, तुला काय आठवतंय. ती म्हणाली, मधीच खोकायचे. शब्द नाय आठवत, पण तो खोको कसो नेमको ऐकू येता. तुका आठावता मा?
मी म्हणालो, हो.
नाही आठवत.