कोळ्यामागचा हात

भोईवाडा, परळ. मंगळवार, ७ फेब्रुवारी १९५६, संध्याकाळ

छताच्या कोपऱ्यातल्या लांब पायांच्या कोळ्याला धक्का लागला की तो पळत का नाही, जाळ्यातच थरथरत का राहतो? थरथरणारे अंग धूसर दिसते आणि शत्रूला नेम धरता येत नाही. सखारामला हे मी गेल्या महिन्यात किती रंगून समजावले होते. शेजारच्या खोलीतला, गिरणीत माग चालवणारा हा साचेवाला माझ्या फोटोसाठी जाळ्यामागे पांढरा कागद धरून उभा होता.

"मास्तर, चावणार नाही ना?"

"अगदी निरुपद्रवी आहे. चार आकडे मोजेपर्यंत हलू नकोस."

मग त्याने विचारले, "उद्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला जातोय. काही होणार नाही ना?"

"काही होत नाही," मी म्हणालो. त्याच खात्रीने. त्याच सुरात.

दुसऱ्या दिवशी तो पोलिसांच्या गोळीबारात गेला.

आज त्याची बायको दाराशी आली. "भावोजी, ह्यांचा एकपण फोटो नाही घरात. तुम्ही त्या दिवशी काढलात ना?"

काढला, पण कोळ्याचा. कोळी थरथरला, म्हणून पुसट आला. मागचा हात मात्र स्वच्छ, अंगठ्यावर सुताने पडलेल्या चिरेसकट. तोच फोटो तिला दिला. त्या चिरेवरून ती बोट फिरवत राहिली. "हात ह्यांचाच," एवढेच म्हणाली.

इतका स्थिर कसा राहिला तो हात? माझ्या शब्दावर?

कागद एका टोकाला धरून हात लांब करावा, चार आकडे मोजावेत आणि दुसऱ्या टोकाकडे पाहावे. आता करून पाहिले. दोन म्हणण्याआधीच माझा कागद थरथरू लागला.