येऊ दे, अजून येऊ दे

सोमवार, ८ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! लून पॉइंटचा हा सरकारी कॅम्प अगदी मला हवा तसा निघाला. समोर तळं, बर्चची झाडं, आणि शाळा सुरू झाल्यामुळे पोराटोरांचा कलकलाट नाही. घर विकून या मोटरहोममध्ये राहायला लागल्यापासून व्हर्न आणि मी जागा निवडण्यावरून जेवढे भांडलो, तेवढे चाळीस वर्षांच्या संसारात भांडलो नसू. त्याला जमीन सपाट हवी, मला खिडकीतून पाणी दिसायला हवं. न्हाणीघर फार लांब नको आणि जनरेटर लावणारे शेजारी तर मुळीच नकोत. व्हर्न म्हणतो, तुला स्वर्गातली जागासुद्धा पसंत पडायची नाही. मी म्हटलं, तू स्वर्गात येणारेस का, ते आधी बघ.

कॅम्पच्या गोल रस्त्याला दोन फेऱ्या मारल्या आणि एकतीस नंबरवर चक्क दोघांचंही एकमत झालं. अडचण एकच, तिथे एक खुर्ची होती. घडीची, विटक्या कापडाची, पायांवर शेवाळ चढलेलं, पाठीवर लाल चौकड्यांचा जाड शर्ट टाकलेला. आता खुर्ची मांडली म्हणजे जागा धरली, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. फाटकाजवळच्या ट्रेलरमध्ये मार्लीन नावाची बाई राहते, कॅम्प तीच सांभाळते. तोंड म्हणजे नुसता पट्टा. तिनेही आत सोडताना बजावलं होतं की बाबांनो, कुणाची वस्तू असेल तिथे घुसू नका, मग भांडणं माझ्या दारात येतात. पण त्या खुर्चीवर कोळ्याने मजेत जाळं विणलेलं. कोण येणार होतं बसायला? मी खुर्ची घडी करून मागच्या झाडीत नेऊन ठेवली आणि शर्ट फांदीला अडकवला.

मग नळाला पाणी आहे का बघायला रस्त्यापलीकडे गेले. परत येते तर व्हर्नने गाडी एका दमात मागे घेऊन लावलेली! एरवी हा आमचा जाहीर तमाशा असतो. तो स्टिअरिंगवर, मी मागे उभी राहून हात करतेय, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बास. तो आरशात माझ्याकडे बघतो आणि खिडकीतून ओरडतो, बाई, मला बोलावतेस की माश्या हाकलतेस? आजूबाजूचे लोक कॉफी घेऊन बघत बसतात. आज मात्र हसत खाली उतरला. म्हणाला, ग्लेंडा, आज कुठे नीट हात केलास, जमलं बुवा तुला शेवटी.

मी कुठे होते मागे? पण या माणसाच्या तोंडून कौतुक काय रोज ऐकू येतं! गपचूप पदरात पाडून घेतलं. म्हटलं, आरशात झाडाची सावली बघितली असेल आणि नशिबाने बसली असेल गाडी बरोबर.

संध्याकाळी सॉसेज भाजली. दारासमोर आमच्या हिरव्या खुर्च्या मांडून बसलो. रविवारी इथून निघायचं, जोलीनला डॉक्टरने पुढच्याच आठवड्यातली तारीख दिलीय. लेकीचं बाळंतपण आणि आमचं पहिलं नातवंड. व्हर्न म्हणतो, मुलगी झाली तर तिला तुझं नाक नको. मेला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी पॅनकेक केले तर बशीतला पाक सगळा एका बाजूला. व्हर्नने सपाटी बघायची पाणसळ काढून ओट्यावर ठेवली, बुडबुडा पार कडेला. काल तर गाडी सपाट होती! झालं, त्याचं डोकं फिरलं. हा माणूस जेवणाशिवाय राहील, पण तिरक्या गाडीत राहायचा नाही. चाकांखालचे ठोकळे काढायला बसला. मी टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाले, त्याच्या तोंडी कोण लागणार?

अंघोळ करून आले तेव्हा गाडी आणखी मागे गेलेली. इथल्या बाकांचं टेबल काल आमच्या दाराशी होतं, ते आता पुढच्या चाकाशी आलंय. व्हर्न खुशीत होता. म्हणाला, आजही झकास हात केलास, पण त्या कुणाच्या शर्टात शिरलीस? उवा असतील त्यात.

मी हसले. ओले केस पुसता पुसता हसले आणि मग हसू कुठे गेलं कळेना. थट्टाच करत असणार. हा असाच आहे, तोंडावरची रेघ न हलवता थापा मारतो.

तरी मागे जाऊन बघून आले. खुर्ची आहे तिथेच आहे. फांदीवर शर्ट नाही. वाऱ्याने पडला असेल. खाली मात्र दिसला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

आज पाणसळीतला बुडबुडा पुन्हा कडेला. विजेच्या खांबापासून आणलेली आमची वायर परवा वेटोळं करून ठेवण्याइतकी लांब होती, आज ताठ झालीय.

व्हर्नने न्याहारीआधीच इंजिन सुरू केलं. मी आत अंथरुणाच्या घड्या करत होते. गाडी मागे जायला लागली, तशी मी पुढे आले आणि त्याच्या सीटच्या बाजूला उभी राहिले. तो आरशात बघत होता. मान डोलावत होता. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, कळलं गं, येतोय, येतोय.

मी विचारलं, कुणाशी बोलतोस?

त्याने माझ्याकडे बघितलं. मग आरशात बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. चाळीस वर्षांत त्याचं असं तोंड मी बघितलेलं नाही. मी वाकून आरशात डोकावले, तिथे नुसती झाडं.

मग मला सांगावंच लागलं, की मी परवाही मागे नव्हते, कालही नव्हते. भडकला. म्हणाला, आणि तू शाबासकी घेऊन गप्प बसलीस? एवढी हपापलेलीस का? मी रडले. तो म्हणाला, रडू नको, आवर, आत्ताच्या आत्ता निघायचं.

चाकं जागच्या जागी फिरली. माती भुसभुशीत आहे म्हणाला. चिखलात रुतली की सगळे करतात तेच त्याने केलं, थोडं मागे घ्यायचं आणि जोर घेऊन पुढे यायचं. मागे गेली मुकाट्याने. पुढे हलायला तयार नाही. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी फक्त मागे. मी किंचाळले तेव्हा थांबला.

मार्लीनकडे पळत गेले. मला बघून तिला नवल वाटलं. म्हणाली, अगंबाई, तुम्ही अजून आहात? एकतीसवर गाडी कुठाय तुमची? नुसत्या हिरव्या खुर्च्या दिसतायत, मला वाटलं जागा धरून मासे पकडायला गेलात. मी म्हटलं, मागे झाडीत रुतलीय, चल, दाखवते. तिचे गुडघे धरलेत. सकाळी ओढगाडी बोलावते म्हणाली, आणि माझ्या हातात गरम पास्टी दिल्या, मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांसारख्या. मी बिनडोक, त्या घेऊन परत आले.

व्हर्नला म्हटलं, गाडी राहू दे, आजची रात्र मार्लीनच्या ट्रेलरमध्ये काढू. तो म्हणाला, घर विकलंय आपण, ग्लेंडा. हेच घर आहे. घर सोडून मी कुठे जात नसतो.

हट्टी, हट्टी, हट्टी म्हातारा. त्याला सोडून मी तरी कशी जाऊ?

गुरुवार, ११ सप्टेंबर

वायर तुटली आहे. गाडी आम्ही हलवली नाही. चावी माझ्या खिशात होती.

एकतीसचा विजेचा खांब दिसतो, पण बोटाएवढा. आमच्या खुर्च्या तिकडेच राहिल्या. पुढच्या काचेसमोर बर्चची झाडं उभी आहेत, सोमवारी आम्ही ज्या वाटेने मागे आलो त्याच वाटेवर.

ओढगाडी आली. आवाज ऐकला आम्ही. हॉर्न वाजला, दार आपटलं, एक माणूस हाका मारत होता, एकतीसवर कोण आहे का? मार्लीन त्याला सांगत होती, बघ बाबा, खुर्च्या आहेत फक्त. आम्ही ओरडलो. व्हर्नने आमचा हॉर्न दाबून धरला. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, इथे आहोत, इथे! तो माणूस म्हणाला, लोक फुकट खेपा मारायला लावतात. मार्लीन माफी मागत होती त्याची.

मग ओढगाडी निघून गेली. एवढं स्पष्ट ऐकू येतं आणि त्यांना आमचं काहीच ऐकू येत नाही, असं कसं?

व्हर्न म्हणाला, सकाळी चालत निघू. घर गेलं खड्ड्यात. माझा हात सोडला नाही त्याने.

शुक्रवार

सकाळपासून चाललो. खांब समोर ठेवून, सरळ. हातात हात घालून. पाय भरून आले. मागे वळून बघितलं तर—

गाडी पाठीशीच. हात लावता येईल इतकी जवळ. दार उघडं.

पुन्हा चाललो. पुन्हा तेच.

व्हर्न पायरीवर बसून राहिला. जोलीनला काय वाटेल म्हणाला. मग तोंड झाकलं.

शनिवार

व्हर्नला सुचलं. आरशात बघणारा तो होता, म्हणून तोच फसला. मी ही गाडी कधीच चालवली नाही. मी बसायचं, आरशाकडे ढुंकून बघायचं नाही, फक्त पुढे. तो चाकांखाली फळ्या सरकवत चालणार. पलंगाच्याच फळ्या काढल्या.

तो म्हणाला, चाळीस वर्षं मला शिकवत आलीस ना, आता चालव!

नंतर—

हलली! पुढे हलली! फळी, थोडं पुढे, पुन्हा फळी. तो ओरडतोय, शाब्बास गं, चल, चल. खांब मोठा झाला. झाडं बाजूला— वायरीचं तुटकं टोक दिसलं, टेबल दिसलं. चाकं कडक जमिनीवर आली. मी ब्रेक मारला. हाक मारली, चढ लवकर. म्हणाला, फळ्या घेतो, आलोच.

फळ्या कशाला रे? कशाला हव्यात फळ्या?

आलोच म्हणाला.

अजून शनिवार, उजेड आहे

खांब काचेसमोर. रस्ता दिसतोय. मार्लीनचा कुत्रा भुंकतोय, इतकं जवळ. थोडं पुढे घेतलं की सुटले.

व्हर्न आला नाही. हाका मारल्या. उतरायला दार उघडलं, तर पायरीखाली जमीन कुठे आहे कळेना— बंद केलं.

वही स्टिअरिंगवर ठेवून लिहितेय. आरशात बघणार नव्हते—

बघितलं.

उभा आहे मागे. तोच आहे. तीच वाकडी टोपी. पण लाल शर्ट. लाल चौकड्यांचा.

बोलत नाही. दोन्ही हात करतोय.

तोच आहे, मी ओळखणार नाही का त्याला? डावा खांदा उतरलेला. तोच. त्याला इथे टाकून जोलीनकडे कशी जाऊ? तिला काय सांगू? बाबा कुठेत विचारेल— बाळ हातात घेऊन विचारेल—

थोडंच आहे. दारापाशी येईल एवढं मागे घेते. तो चढला की लगेच पुढे. एवढंच.

रिव्हर्स टाकलाय.

किती नीट हात करतोय. येऊ दे. येऊ दे. अजून—

जवळच आहे. पुरे झालं की बास म्हणेल तो.

अजून

खांब दिसत नाही आता पण तो हसतोय, येतेय रे, येतेय— अजून त्याने बास म्ह