माळढोकासाठी हुतूतू

शनिवार, २० जुलै १९६३. दिव्यांची अवस.

आज मी त्याला पाहिलं!

दिवे घासायचे सोडून पहाटेच ह्यांच्याबरोबर वारुळाच्या माळावर गेले. सासूबाई म्हणाल्याच, "अवसंला कुठं उंडारतीस गं?" पण गेले ते बरं केलं. लांबून वाटलं, कुणी म्हातारा धोतर सावरत उभा आहे. मग त्यानं शेपूट पाठीवर उलटं टाकलं आणि गळ्याची पांढरी पिशवी फुगत फुगत खाली आली, जवळजवळ पायांपर्यंत — मोटेची सोंड भरून यावी तशी! आणि तो आवाज. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. कानात नव्हे, छातीत ऐकू येतो. माझे हात आपोआप जोडले गेले. हे हसले. "देऊळ नाही ते. माळढोक आहे." देवळात तरी छातीत दुसरं काय होतं?

ह्यांच्या लहानपणी पुष्कळ असायचे म्हणे. आता बंदुकीवाले जीप घेऊन येतात, आणि राहिलेलं गवत लिलाव घेणारा कापून नेतो. मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून ह्यांच्या तालमीनं ठरवलंय — पंचमीनंतरच्या रविवारी तिकीट लावून हुतूतूचा सामना, शिरूर विरुद्ध दौंड. जमेल त्यातून माळाच्या गवताचा लिलाव तालमीनंच घ्यायचा, आणि गवत कापायचंच नाही! शिवाय एक राखणदार ठेवायचा.

सासूबाई — "गवत इकत घ्यायचं आन् तसंच ठिवायचं? मास्तरकी करून याचं डोकं फिरलंय."

सोमवार, २२ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार. उपास. हे जाहिरातीला कागद आणायला निघाले होते. मी जुनी पोती उसवून दिली, त्यांवर चुन्यानं लिहिलं. लांबून उलट जास्त ठसठशीत दिसतं!

दौंडच्या रेल्वे टीमचा कप्तान पाशा येऊन गेला. इंजिनावर कोळसा टाकतो. आमच्या दारातून वाकूनच यावं लागलं त्याला. चहा घेता घेता म्हणतो, "वैनी, पाखरासाठी हुतूतू! पाखरू तुमच्याकडनं खेळणार का आमच्याकडनं?"

"जिंकेल त्याच्याकडनं," मी म्हटलं.

"मंग आमच्याकडंच आलं म्हणा की!"

बुधवार, २४ जुलै

तालमीचे वस्ताद पोपटराव म्हणतात, सामना माळावरच घ्यायचा. ज्याच्यासाठी पैसे द्यायचे ती जागा लोकांनी बघायला नको? आणि हेही मान डोलावून बसले! उद्या सणाची सुट्टी, पोरं मोकळी. उद्याच मैदान खणून मऊ करणार.

सासूबाई कडाडल्या — "पंचमीला जमीन उकरायची? नागाला लागलं म्हंजी?"

वस्ताद — "मावशी, नांगर न्हाई, नुसती कुदळ हाय. आन् मैदान म्हंजी काय शेत हाय व्हय?"

मी आतून सगळं ऐकत होते. शनिवारी तो माळढोक ज्या जागी उभा होता तिथेच हे मैदानाच्या खुंट्या ठोकून आलेत. पण चारचौघांत मी बोलत नाही.

गुरुवार, २५ जुलै. नागपंचमी.



सकाळी आम्ही सगळ्या दूध-लाह्या घेऊन वारुळाला निघालो. मी पुढे. खुंट्यांच्या आत पाऊल टाकलं आणि पायाजवळची माती उठून उभी राहिली! मातीच. मादी होती ती — गवताच्या रंगाची, उंच मानेची. दोन पावलं चालली, थांबली, माझ्याकडे वळून बघितलं. मग पंख उघडले — केवढे ते! — आणि अंगणात एखादी सुपानं वारं घालते तसा आवाज करत गेली. जमिनीवर एकच अंडं. ना काडी, ना कापूस. शेवाळलेल्या दगडासारखं.

पलीकडे पोरं कुदळी घेऊन खणत खणत पुढे येत होती.

कुठून बळ आलं कोण जाणे. मी वस्तादांना आडवी गेले. "वस्ताद, आज पंचमी आहे. आज ही जमीन उकरायची नाही!"

"वैनी, तिकिटं खपली! रविवारी लोकांना काय सांगू?"

"बाजारतळावर खेळा. उद्याही नाही उकरायची, परवाही नाही. इथे बाळंतीण आहे."

पोपटरावांनी अंडं बघितलं. कुदळ खाली ठेवली. पागोटं काढून कपाळ पुसलं आणि पोरांवर ओरडले, "बघता काय, उपटा खुंट्या! गुमान उपटा, नाचू नगा!"

इथेच थांबले असते तर! पण सगळ्या भारावलेल्या. पुतळाबाई म्हणाली, "नागानंच ठिवलंय गं हे." मला तर काही सुचत नव्हतं. नवसाशिवाय दर्शन झालं होतं. मी वाकले, अंड्यावर दुधाची धार धरली आणि हळद-कुंकू वाहिलं. मग एकीमागून एक... फुगडीसुद्धा घातली दोघींनी. किती वेळ गेला, भान नाही.

हे धावत आले. अंड्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ताटाकडे. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "अगं, ती येईल का आता?"

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं लांब बांधावर बसून होतो. काही हललं नाही.

शुक्रवार, २६ जुलै

दोन दिवस तिकडे कुणीच फिरकायचं नाही, अशी ह्यांची सगळ्यांना ताकीद. मलाही. माळाच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

शनिवार, २७ जुलै

बाजारात हरिबा धनगर भेटला. "माणसाचा हात लागला की पाखरू अंडं टाकून जातंय म्हन्त्यात, वैनी. आपल्याला काय ठावं न्हाई, म्हन्त्यात." घरी येऊन देवापुढे बसले. मागायचं तरी कोणत्या तोंडानं? कुदळीपासून वाचवलं आणि पूजा करून घालवलं. देवाला काही वाहण्यात चूक होते, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रविवार, २८ जुलै

बाजारतळ फुलून गेला! बैलगाड्यांवर माणसं, झाडांवर माणसं. इनामगाव, पाबळ, कुठून कुठून आली होती. आम्ही बायका एका माडीवरून बघत होतो.

पाशाची चढाई म्हणजे इंजिनच! आमचे चौघं त्याच्या कमरेला, पायांना लोंबकळले, आणि तो "हुतूतूतू" करत सगळ्यांना ओढत रेघेला टेकला. दौंड जिंकलं. आमच्या लोकांनीही टोप्या उडवल्या.

मग हे बोलायला उठले. खरं सांगतील की नाही? सांगितलं! "मंडळी, आपल्या माळावर एक अंडं आहे. आमच्याच माणसांनी त्याची पूजा केली, आणि पाखरू उडालं. परत बसलं की नाही, मला ठाऊक नाही. ज्याला तिकिटाचे पैसे परत हवे असतील त्यानं घ्यावेत."

कुणी हलेना.

मग पाशा उठला, डोक्यावरचा जिंकल्याचा फेटा सोडून ह्यांच्या पुढ्यात पसरला. "मास्तर, न्हाई बसलं तर पुढल्या साली बसंल. पर गवत तर ऱ्हायला पायजे का नगं?"

लोक रांगेनं येऊन त्या फेट्यावर टाकू लागले. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. हळूच कनवटीची गाठ सोडली, माझ्या हातात दिली. "जा, टाक. गवताला."

एवढं ऐश्वर्य मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सोमवार, २९ जुलै

पहाटे आम्ही दोघं बांधावर. तालमीची दुर्बीण आळीपाळीनं. गवत, गवत, गवत. मग त्यातलंच थोडं गवत उठलं, मान वर केली, चोचीनं अंडं फिरवलं.

पोटाच्या पांढऱ्या पिसांना कुंकू लागलंय.