सल्तच्या चढावर तेल तापतं

देर अल्ला, जॉर्डन
१२ जून १९९९

चि. ताहेर यास नवालताईचे सलाम व अनेक आशीर्वाद.

फोन किराणावाल्याच्या दुकानात, आणि अर्धं गाव तिथे कान लावून. म्हणून लिहायला बसले. तुझी लाडकी शर्यतीची गाडी परवा यम्माला सल्तच्या इस्पितळात नेताना चढावर बंद पडली. खाली आपल्या खोऱ्यात भट्टी पेटलेली, त्यात तो चढ. तेलाचा काटा लाल पट्ट्यात गेला, दिवा लुकलुकायला लागला, मी घाबरून इंजिन बंद केलं. शेवटी एका कलिंगडवाल्याने ट्रक थांबवला. यम्माला वर चढवताना आम्ही दोघं घामाघूम, आणि आपली आई म्हणते, लग्नातसुद्धा मला कुणी एवढं उंच बसवलं नव्हतं!

पण इस्पितळात पोचेपर्यंत तिचं डायलिसिसचं मशीन दुसऱ्याला दिलेलं. अर्धवटच झालं. दुसऱ्या दिवशी तिला बोलतानाही धाप लागत होती.

आठवड्यातून तीन फेऱ्या, शिवाय शाळा, शिवाय घर. मी दमले रे. दोन दारांच्या या गाडीत आजारी बाईला बसवणं म्हणजे खिडकीतून खाट आत घेणं. विकून साधी गाडी घेऊ या का? विचार करून कळव.

उन्हात डोक्यावर काहीतरी घेत जा. माया आहेच, ती पत्रातून पोचव.

तुझी,
नवालताई

शारजा
२४ जून १९९९

ती. नवालताईस धाकट्या ताहेरचे सलाम, वि. वि.

ताई, हात जोडतो, विकू नकोस. इंजिन ठणठणीत आहे, नुसतं तेल तापून पातळ होतंय. इथल्या उन्हात आम्ही गॅरेजमध्ये अशा गाड्यांना ऑइल कूलर लावतो. तेलासाठी वेगळा छोटा रेडिएटर, दुसरं काही नाही. आपल्या गावाकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याबरोबर सगळं सामान पाठवलंय.

रेडिएटर पुढे, बंपरच्या आत, वारा लागेल असा बसवा. जाड चकती इंजिन आणि तेलाच्या फिल्टरच्या मधे येते. तिच्यातून दोन नळ्या रेडिएटरला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते, ती आधी काढा. राहिली तर तेल गळणार. नळ्या इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याला घासू देऊ नका, आणि तेल नेहमीपेक्षा जास्त लागेल. गावातल्या मेकॅनिकला, अबू जिर्येसला सांग, हा ट्रॅक्टर नाही, हातोडी घरी ठेवून ये!

यम्माच्या हातांना माझे मुके. रजा मागितली की मालक बहिरा होतो. राग धरू नकोस, लोभ धर.

तुझा,
ताहेर

देर अल्ला
१५ जुलै १९९९

चि. ताहेर यास सलाम व आशीर्वाद.

कूलर बसला. बंपरला आतून करवत लावावी लागली, रडू नकोस. अबू जिर्येस हातोडी घेऊनच आला होता. रिंग काढली का, विचारलं तर म्हणाला, बाई, तू पोरांना भूगोल शिकव. इंजिन सुरू केलं आणि अंगणभर तेल! रिंग जागच्या जागी चिकटलेली. मग मीच गाडीखाली शिरले, नखांनी खरवडून काढली. सगळं पुन्हा आवळलं. आता थेंब नाही. अबू जिर्येस चहा न घेताच गेला.

काल अख्खा चढ काटा मधेच राहिला. आम्ही वेळेआधी पोचलो. मला इतका आनंद झाला, की येताना मीच बडबडत होते. मग यम्मा म्हणाली, त्या दिवशी गाडी बंद पडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं गं. आता गाडी थकत नाही, मी थकते. मला नको हे यापुढे.

मला तिचा इतका राग आला! घरी येऊन अंगण घासत बसले. तेलाचा डाग जात नाही. डॉक्टर म्हणतात, डायलिसिस थांबवलं तर फार दिवस नाहीत. मी एकटी तिला हो म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणायचं बळ उरलं नाही. या वेळी पार्सल नको ताहेर. तू ये.

नवालताई

शारजा
२६ जुलै १९९९

ती. ताईस ताहेरचे सलाम.

मालकाने सांगितलं, आत्ता गेलास तर परत जागा नाही. मी बरं म्हटलं आणि हत्यारांची पेटी उचलली. भाजीच्या ट्रकमधून येतोय, पत्रापाठोपाठ पोचेन.

यम्माला सांग, मी तिची समजूत घालायला येत नाही. इस्पितळात जायचं म्हणाली तर मी नेईन, हळू. नको म्हणाली तर अंगणात तिच्याजवळ बसेन. तिला काय हवं ते दोघं मिळून ऐकू. हो म्हणावं लागलं तर ते तुझ्या एकटीच्या तोंडून येणार नाही.

मी आलो की गाडीची किल्ली माझ्याकडे दे आणि झोप. उठवणार नाही.

तुझाच,
ताहेर