सीट कोणी खाली घेऊ नये

मी, शांतिनाथ भूपाल मगदूम, वय एकाहत्तर, राहणार विश्रामबाग, सांगली, पूर्वीचा धंदा हळदीची अडत, हे माझ्या मागे राहणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. गेल्या रविवारीच दंडोबाचा चढ सायकलवर चढून आलो, तेव्हा 'म्हाताऱ्याला काही कळत नव्हते' असे उद्या कोणी म्हणू लागल्यास आमच्या 'उलटा वारा' सायकल मंडळाला विचारावे. चहापलीकडे मला नशा नाही. कोणाचा दबावही नाही. सौ. पद्मावतीचा आहे, पण तो लग्नापासूनच असल्याने धरू नये.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेवी पद्मावतीच्या. तिच्या पश्चात चिरंजीव अतिशय याच्या. दुकान त्याच्या नावे आधीच केले आहे. गल्ल्यामागची माझी खुर्ची मात्र त्याने टाकू नये. तिच्यात पाठ दुखते, म्हणूनच गिऱ्हाइकाशी लवकर सौदा होतो.

कलम २. पंक्चरचे सामान, पाने आणि हवेचा पंप सूनबाई स्वप्नाली हिला. माझी ट्यूब फुटली तेव्हा अतिशय अंगणात उभा राहून पंक्चर कसे काढावे याचा व्हिडिओ पाहत होता. तो व्हिडिओ संपण्याआधी हिने पंक्चर काढून चाक बसवले होते.

कलम ३. सल्ले. ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे. मंडळात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती न मागता दिली आणि कोणीही घेतली नाही, त्यामुळे सगळी शिल्लक आहे. ती साक्षी आणि तानाजी या सभासदांना समान वाटून द्यावी. गिअर चढ लागण्याआधी बदलावा, चढावर रडत बसू नये. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. उतारावर एकटा पुढचा ब्रेक दाबू नये, दात महाग आहेत. वारा समोरून असेल तर तानाजीच्या मागे राहावे, तेवढी रुंदी मंडळात दुसऱ्या कोणाची नाही. तानाजीने आपल्या वाट्याचा हा सल्ला कसा वापरायचा ते त्याचे त्याने पाहावे.

कलम ४. जुना वाद. आमच्या मंडळाचा रिवाज असा, की चढावर जो उतरून सायकल हाताने ढकलत नेईल त्याच्या नावाने बाकीच्यांनी 'मिरवणूक! मिरवणूक!' असे ओरडायचे, आणि वर पोचल्यावर भजी त्याने द्यायची. औंधला यमाईच्या डोंगरावर जाताना मी एकदा थांबलो होतो. मंडळातले माझे जुने सोबती सुभेदार उदयसिंह यांनी तेव्हापासून ती माझी मिरवणूक धरली आहे. "पाय टेकला की उतरला, गड्या. फौजेत असंच असतंय," हे त्यांचे म्हणणे. मी आज पूर्ण शुद्धीत जाहीर करतो, की मी बुटाची नाडी बांधत होतो. बुटाची नाडी बांधणे म्हणजे उतरणे नव्हे.

कलम ५. माझी अंत्ययात्रा निघेल तेव्हा मंडळाने बिनदिक्कत 'मिरवणूक' म्हणून ओरडावे. नातेवाइकांनी रागावू नये. त्या दिवशी मी खरोखर उतरलेला असेन. भजीचा खर्च घरातून व्हावा, आणि मी कांदा खात नसलो तरी कांदाभजीही असावीत.

कलम ६. सायकल. या कलमासाठीच हे मृत्युपत्र लिहायला घेतले आहे.

कोरेगावकडचे उदयसिंह फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले. मी चालेना. उदयसिंहाने मला दुकानातून उठवून गिअरच्या सायकलवर बसवले. मी घाबरून सीटला चिकटून बसलो होतो. तो शेजारून पळत म्हणाला, "सीटवर बसू नगंस रं, सीट इसर! सीट इसरलास की सायकल आली." त्यानंतर आमचा एक रविवार चुकला नाही. दरवर्षी औंधमार्गे त्याच्या गावी मुक्कामाला जायचो. जैन असल्याने माझी जेवायची घाई सूर्यास्ताआधीची, म्हणून हा सुभेदार शेवटच्या टप्प्यात माझ्यासमोर राहून वारा अंगावर घ्यायचा. वरून शिव्या द्यायचा, तो भाग वेगळा. माझ्या ताटातली कांदाभजी नेहमी तोच खात आला.

मग त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. बरा झाल्यावर तो पुन्हा आमच्याबरोबर औंधला आला आणि यमाईच्या चढावर मध्येच उतरला. सायकल ढकलत वर गेला. त्या दिवशी कोणीही 'मिरवणूक' म्हटले नाही. आजारातून उठलेला माणूस, म्हणून सगळे खाली मान घालून पेडल मारत राहिले. वर पोचल्यावर भजीही तानाजीनेच मागवली. उदयसिंह एवढेच म्हणाला, "वरडला न्हाईसा. म्हंजे मी आता म्हातारा झालो म्हणा की." परत आल्यावर त्याने सायकल गावाकडच्या पुतण्याला देऊन टाकली. साक्षी फिजिओथेरपिस्ट आहे. ती त्याला सांगून थकली, की काका, या गुडघ्याला सायकल हेच औषध आहे. त्याचे उत्तर एकच, "माणसानं येळंवर उतरावं."

तो नसल्यावर मला रविवारी करमत नाही. हे तोंडावर सांगता येत नाही, म्हणून येथे लिहितो.

तरी माझी सायकल मी सुभेदार उदयसिंह यांना देत आहे. अट अशी, की माझ्या मृत्यूच्या वेळी ते दर रविवारी सायकल चालवत असले पाहिजेत. नसतील तर ती अतिशयला जाईल, आणि तो तिच्यावर टॉवेल वाळत घालेल, जसे व्यायामाच्या यंत्रावर घालतो. दुसरी अट, <s>सायकलची सीट कोणी खाली घेऊ नये.</s> उदयसिंह मंडळातल्या प्रत्येकाची सीट खाली करायला बघतात आणि तेथे त्यांचे चुकते.

येथवर मजकूर टाईप केलेला आहे. यापुढचे मी स्वहस्ताने लिहीत आहे, कारण सह्यांच्या वेळी जे घडले ते नोंदवणे भाग आहे.

आज सकाळी मंडळ माझ्या घरी पुढच्या सोप्यात जमले. पहिला साक्षीदार म्हणून मी उदयसिंहाचेच नाव घातले होते. माझा एवढा जुना सोबती दुसरा कोणी नाही, मग दुसरे नाव सुचणार कसे? वकील जयराज यांनी मजकूर मोठ्याने वाचला. सहावे कलम वाचताना उदयसिंह छताकडे बघत होता. वाचून झाल्यावर त्याने पेन घेतले, टोपण काढले, आणि जयराज म्हणाले, "थांबा काका. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. पुढे वाद होतो. सही करायची की सायकल घ्यायची, एक काहीतरी ठरवा."

त्याचे नाव साक्षीदारात घातले ही माझीच चूक होती. पेन उदयसिंहाच्या हातातच होते. त्याने सही केली असती तर विषय कायमचा मिटला असता.

त्याने टोपण लावले आणि पेन तानाजीपुढे ठेवले. "सही ह्यो करंल," म्हणाला.

तानाजीला सल्ले मिळणार असल्याची शंका मी काढली. सल्ल्यांना काहीच किंमत नसल्याने त्याला व साक्षीला सही करता येते, असे जयराज हसत म्हणाले.

तोवर उदयसिंह भिंतीला लावलेली माझी सायकल काढून अंगणात गेला होता. टांग टाकायला गेला, तर सीट उंच. दुसऱ्यांदाही जमेना. मग हँडल धरून, सायकल ढकलत तो तुळशीला वळसा घालू लागला. आम्ही सगळ्यांनी पुन्हा माना खाली घातल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून पद्मावती, जी मंडळाबरोबर कधी एक कोस आलेली नाही, ओरडली, "आवं, मिरवणूक निघाली, मिरवणूक!"

उदयसिंह जागेवर थांबला आणि असा हसला, की हँडल त्याच्या हातातून सुटायला आले. "वहिनी, भजी माझ्याकडं लागली!" म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "पाना आण रं. तुझं पाय बगळ्याचं हायती, माझं न्हाईत."

पाना स्वप्नालीने आणून दिला.

लिहून ठेवणार: शांतिनाथ भूपाल मगदूम (सही)
साक्षीदार: १. साक्षी (सही). नावातच असल्याने हिला दोनदा विचारावे लागले नाही.
२. तानाजी (सही)
स्थळ: सांगली. दिनांक: १९ जानेवारी २०२५, रविवार.

कलम ६ मधील 'सायकलची सीट कोणी खाली घेऊ नये' हे शब्द मी स्वतः खोडले आहेत. वरील दोन्ही साक्षीदारांनी शेजारी सह्या केल्या आहेत. खाडाखोड मान्य.