पाहुणे येतात त्या दिवशी

श्याकोउ,
९ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप बाबांस,
यूछिनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकू येणं कमी झाल्यापासून फोनवर मी ओरडते, तुम्हीही ओरडता, आणि शेजारच्यांना वाटतं बापलेकीचं जुंपलंय. म्हणून आता पत्रच बरं. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण अजून वर्गात उभं राहू देतो, एवढं पुरे.

उद्या शिक्षक दिन. मुख्याध्यापक हान यांनी आम्हां सगळ्यांना भेट म्हणून एकेक फॉर्म दिला, व्यावसायिक विकासाचा तीन वर्षांचा आराखडा. माझ्यात काय कमी आहे, ते मी कसं भरून काढणार आणि वर्गात नवे टॅब किती वापरणार, हे सगळं लिहून द्यायचं. मी लिहिलं, प्रत्येक मुलाकडे लक्ष देईन. हान सरांनी फॉर्म परत केला. लक्ष मोजता येत नाही बाई, आकडा टाका, म्हणाले. मग लिहिलं, प्रत्येक प्रश्नाला शंभर टक्के मुलांचा सहभाग. ते लगेच चाललं.

शिवाय साठ तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण आहे. व्हिडिओ चालू असताना दर दहा मिनिटांनी एक चौकट उगवते आणि तुम्ही समोर आहात ना, असं विचारते. काल कणीक मळता मळता तिला हो हो म्हणत होते. फोनची काच पिठानं पांढरी झाली आणि प्रशिक्षण कशाचं होतं ते काही कळलं नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. वरिष्ठ श्रेणीची एकच जागा आमच्या शाळेला आली आहे. नोव्हेंबरात प्रांताच्या राजधानीतून, लांझोउहून परीक्षक येतील, वर्गाच्या मागे बसून पाठ बघतील. आम्ही दोघे आहोत, मी आणि तेंग. तेंग चौतीस वर्षांचा, त्यानं स्मार्ट बोर्डवर बोट फिरवलं की चित्रं नाचायला लागतात. मी अकरा वर्षं रांगेत आहे. यंदा हुकलं तर निवृत्तीपर्यंत नाहीच. फार थकल्यासारखं वाटतं, बाबा.

प्रकृतीला जपावे. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू द्यावा.

आपली,
यूछिन


ताओवान,
२१ सप्टेंबर

चि. यूछिन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. फोन चारदा ऐकता येत नाही, हा पत्राचा फायदा. इथले बटाटे काढून झाले. यंदा बटाटे मोठे आहेत, काढणारा मात्र वाकून निम्मा झालाय. मेंढ्या दोन्ही बऱ्या आहेत आणि तुझ्यापेक्षा कमी रडतात.

कणीक मळत प्रशिक्षण घेणारी तू काही पहिली नाहीस. आमच्या वेळी आम्ही डोळे उघडे ठेवून झोपायचो, आता तुमची चौकट तेवढंही करू देत नाही. तपासणीची एवढी धास्ती कशाला घेतेस? मी पोरांना एक युक्ती शिकवली होती. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मास्तरनं फक्त उजव्या हातवाला उठवायचा. साहेब म्हणायचे, काय तयारी आहे वर्गाची. लबाडीच होती, पण कुणाचं वाईट झालं नाही.

मी एकतीस वर्षं गावानं नेमलेला कच्चा मास्तर म्हणून काढली. सरकारी पक्क्यांच्या यादीत माझं नाव कधी लागलं नाही. आता ताओ घराण्यातलं एक नाव तरी भिंतीवरच्या यादीत लागलेलं मला बघायचंय. तेव्हा तुझा थकवा नोव्हेंबरनंतर काढ. त्या तेंगला बोटं असतील, तुझ्याकडे सव्वीस वर्षं आहेत.

थंडी सुरू होतेय, गुडघ्याला गरम कापड बांधत जा. आमची आठवण ठेव.

तुझा,
बाबा


श्याकोउ,
२६ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची डाव्याउजव्या हाताची युक्ती या टॅबपुढे चालत नाही. प्रश्न विचारला की मुलं टॅबवर उत्तर दाबतात. पंधरा सेकंदांनी उत्तर घेणं बंद होतं आणि बोर्डवर आकडा येतो, किती जणांनी उत्तर दिलं. राहिलेल्याचं नाव खाली लाल अक्षरांत. आमचा बोर्ड रोज एकच दाखवतो, त्रेचाळीसपैकी बेचाळीस. खाली लाल नाव, लू श्याओमान.

ही पोर दहा वर्षांची. आईबाप तिकडे दूर चेजियांगला कारखान्यात, ही आजीपाशी. ती मठ्ठ नाही, बाबा. वहीतली गणितं बरोबर सोडवते, पण सावकाश. प्रश्न वाचते, पुन्हा वाचते, मग एकदा माझ्याकडे बघते आणि मग बोट उचलते. तोवर वेळ संपलेला असतो. मी हान सरांना सेकंदं वाढवायला सांगितली, तर ते म्हणाले की पाठाचा वेग पडेल, परीक्षक गुण कापतील.

पाठाच्या सात तालमी झाल्या. कुठल्या चित्राला हसायचं तेसुद्धा आता पोरांना पाठ झालंय. सातही वेळा बेचाळीस. काल हान सर मला बाजूला घेऊन म्हणाले, ताओबाई, त्या दिवशी ग्रंथालयातली पुस्तकं कुणीतरी लावायला हवीत, श्याओमानचं काम कसं नीटनेटकं असतं. हजेरीत ती शाळेच्या कामावर म्हणून दाखवली की यंत्र तिला मोजत नाही. एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. वाईट माणूस नाही हो, त्यांनाही वरून आकडा मागतात.

मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. माझ्याच फॉर्मवर मी शंभर टक्के लिहून दिलंय. तिला बसवलं तर जागा तेंगची, हे उघड आहे. पाठवू की नको? तुम्ही सांगाल ते करीन. मला आता विचार करण्याचाही शीण येतो.

उत्तर लवकर धाडावे. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
यूछिन


ताओवान,
३ नोव्हेंबर

चि. यूछिन हिस,
अनेक आशीर्वाद.

पाठव. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न. पोर पुस्तकं लावील, तिला कुणी उन्हात उभं करत नाही. तू अकरा वर्षं उभी आहेस. यात एवढं तोलायचं काय?

मन कठीण कर आणि पाठ झाला की मला कळव. बाकी क्षेम.

तुझा,
बाबा


श्याकोउ,
१९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मनासारखं झालं. गुरुवारी पाठ झाला. कोन मोजायला शिकवले. प्रत्येक प्रश्नाला बोर्ड हिरवा, बेचाळीसपैकी बेचाळीस. लांझोउच्या परीक्षकबाई म्हणाल्या की इतक्या लहान गावात प्रत्येक मूल बोलतं करणारी शिक्षिका त्यांनी बघितली नव्हती. मी मान खाली घालून उभी राहिले, त्यांना वाटलं मी लाजले. परवा कार्यालयाबाहेर यादी लागली. तिच्यावर माझं नाव आहे. हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत असते, पण घेणार कोण? तेंगनं येऊन अभिनंदन केलं. त्याचे डोळे लाल होते, पण तो नीट बोलला.

श्याओमानला मी आदल्या दिवशी सांगितलं की ग्रंथालयाचं काम तुझ्यावर सोपवलंय. तिनं मान डोलावली. काम एवढं चोख केलं की फाटक्या पुस्तकांची बांधणीसुद्धा डिंकानं चिकटवून ठेवली.

काल शनिवारी तिची आजी दारात उभी. हातात अक्रोडांची पिशवी. म्हातारी जिना चढून धापा टाकत होती. म्हणाली, बाई, त्रेचाळीस पोरांतून तुम्ही माझ्याच पोरीला निवडलंत, तिनं घरी येऊन सांगितलं, आम्ही तिच्या आईलाही फोन लावून कळवलं. तिच्यावर आजवर कुणी काम सोपवलं नव्हतं हो. मी नको नको म्हणत होते, तर तिनं पिशवी आत ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. मी तिला चहाही विचारला नाही. लवकर जावी असं वाटत होतं.

अक्रोड तसेच पडून आहेत. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, हे तुमच्यापासून काय लपवू.

थंडीत दुखणं अंगावर काढू नये. आमच्यावर नजर असू द्यावी.

आपली,
यूछिन


ताओवान,
२८ नोव्हेंबर

चि. यूछिन हिस,
खूप खूप आशीर्वाद.

अगं, काल दारात फटाके लावले. अर्धं गाव नूडल खायला आलं होतं, तिरफळ इतकं पडलं की सगळ्यांची जीभ बधिर, तरी वाडगी चाटूनपुसून गेली. मी सगळ्यांना सांगितलं, माझी लेक वरिष्ठ. बहिरा असल्याचा फायदा असा की कौतुक पुन्हा पुन्हा सांगायला लावता येतं.

तुझं पत्र मात्र सुतक असल्यासारखं होतं. आजीचे अक्रोड फोड आणि खा. झालं ते झालं, आता सुखानं राहा.

तुझा,
बाबा


श्याकोउ,
१३ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखानं राहता येईना, म्हणून लिहिते. आमच्या दारावर आता आदर्श वर्ग अशी पाटी लागली आहे. शंभर टक्के सहभागाचा वर्ग म्हणून आजूबाजूच्या शाळांचे लोक बघायला येतात. चाळीस मिनिटांचा प्रश्न म्हणाला होतात ना तुम्ही? नोव्हेंबरपासून ही तिसरी खेप.

या खेपेला मी ठरवलं होतं, श्याओमानला बसवायचं. श्रेणी मिळाली, आता आकडा पडला तर पडला. हान सरांनाही तसं सांगितलं. ते म्हणाले, तुमची मर्जी, पण पाटीचा विचार करा. काल सकाळी पाहुणे व्हरांड्यात आले. त्यांच्या बुटांचा आवाज ऐकला आणि पोरीनं टॅब खणात ठेवला, पेन्सिलीला टोपण लावलं, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, पाहुणे आलेत बाई, मी जाते. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. मागच्या दारानं गेली आणि आवाज होऊ नये म्हणून दार दोन्ही हातांनी लोटून घेतलं.

मी तोंड उघडलं होतं, बाबा. पण बोलले ते पाहुण्यांशी, या बसा म्हणून. मग हजेरीत तिला शाळेच्या कामावर दाखवलं, सहा प्रश्न विचारले आणि सहाही वेळा बोर्ड हिरवा झाला.

तेव्हापासून एकच मनात येतं. तिला हे पहिल्या दिवसापासूनच कळलं होतं का? आजीला तिनं जे सांगितलं ते खरं वाटून सांगितलं, की म्हातारीला बरं वाटावं म्हणून? पुढच्या मंगळवारी पुन्हा पाहुणे आहेत. जानेवारीत नव्या उद्दिष्टांचा फॉर्म भरायचाय. मला आता नोकरीच सोडावीशी वाटते. काय करू, सांगा.

रागवावे, पण दूर लोटू नये.

आपली,
यूछिन


ताओवान,
१६ डिसेंबर

चि. यूछिन हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचवलं नाही. मंगळवारच्या आत पोचावं म्हणून हे पत्र तालुक्याला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतो आहे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुझ्या आईलाही मी ती कधी सांगितली नाही. साहेब तपासणीला यायचे, तेव्हा शाळेत फक्त पक्के मास्तर दिसावेत असं आमच्या हेडमास्तरांना वाटे. ते मला म्हणायचे, ताओ, शाळेच्या बटाट्यांना आज मातीची भर घालून ये, तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही. माझा वर्ग तेवढ्यापुरता दुसऱ्या कुणाकडे जाई. उजव्याडाव्या हाताची युक्ती मीच शिकवलेली, पण ती साहेबांसमोर चालताना मी एकदाही पाहिलेली नाही. पोरं संध्याकाळी येऊन सांगायची, तेवढंच.

हेडमास्तरांना ते दोनदाच सांगावं लागलं. पुढे साहेबांची जीप खालच्या वळणावर दिसली की मीच कुदळ उचलायचो. घरी सांगायचो, शाळेचं शेत माझ्या भरवशावर आहे. तुझी आई कौतुकानं वाफवलेले दोन पाव जास्त बांधून द्यायची. तिला खरं ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. तेव्हा तुझ्या त्या पोरीला कळलं होतं का, हे मला विचारू नकोस. तिला कळलं होतं.

आणि हे सगळं भोगलेल्या माणसानं तुला चार ओळींत लिहिलं, पाठव. यादीत नाव बघायची एवढी हाव सुटली होती मला. फटाक्यांची आता लाज वाटते. चूक तुझी आहे, पण ती करायला मी लावली.

नोकरी सोडू नकोस, श्रेणीही परत करू नकोस, त्यानं पोरीच्या हाती काही लागत नाही. एवढंच कर. मंगळवारी पाहुणे आले आणि ती उठून गेली, तर पाठ तिथल्या तिथे थांबव. पाहुण्यांना बसू दे, बोर्डला काय दाखवायचं ते दाखवू दे. तू स्वतः ग्रंथालयात जा आणि तिला घेऊन ये. दुसऱ्या कुणाला धाडू नकोस. एकतीस वर्षं मी बांधावर बसून शाळेच्या वाटेकडे बघत असायचो, पाहुणे असतानाच कुणीतरी मला बोलवायला येईल म्हणून. कुणी आलं नाही. जीप गेली की मी आपला आपण परत यायचो.

गुडघ्याला जप. माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा,
बाबा