विहिरीकडून तिसरी

३ फेब्रुवारी
नाही म्हणायला हवं होतं! नगरपालिकेचे हेडक्लार्क घरी आले — "दफनभूमीला शंभर वर्षं होतायत, इतिहास तुम्हीच लिहा, बाई." निवृत्त मास्तरीण म्हणजे रिकामटेकडी, असाच गावाचा समज. आई कॉटवरून म्हणाली, "लिही की. तुझ्या दादाचंही नाव येईल त्यात."
म्हणून हो म्हटलं.

९ फेब्रुवारी
जुनं रजिस्टर मिळालं. कडा वाळवीने खाल्लेल्या. दादाची नोंद सापडली — मुलगा, वय सहा, ताप. चौथी रांग, तिसरी कबर. मी त्याला पाहिलेलंच नाही. तो गेला त्याच आठवड्यात मी जन्मले. बाळंतिणीला कोण नेणार तिथे? आई हिंडायला लागेपर्यंत पूर येऊन ओसरलाही होता. तेव्हापासून तिचा एक रविवार चुकला नाही. बाबांनी मात्र पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही.

१० फेब्रुवारी
आई — "शंभर वर्षांचं शोधतेस, आणि चष्मा कपाळावर!"

१८ फेब्रुवारी
रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लिहिलंय — कबरी विहिरीकडून मोजाव्यात. पुरात चौथ्या रांगेच्या पाट्या वाहून गेल्या, आणि नव्या लावणाऱ्याने मोजल्या फाटकाकडून. अख्खी रांग उलटी!
म्हणजे आई साठ वर्षं ज्याच्यापाशी बसते, तो दादा नाही. ते घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. दादा दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी. त्याच्या कबरीवर पाटी घड्याळवाल्यांची, आणि तिथे बसतात त्यांच्या पत्नी, घड्याळवाल्या काकू.
आणि आईने स्वतःची जागा राखून ठेवलीय. लेकाच्या शेजारी म्हणून.

२३ फेब्रुवारी
रविवार. आईने हाताने पाटी पुसली. "तुझ्या बहिणीचं पुस्तक येतंय हं," त्याला म्हणाली.
सांगावं, तर तिचं साठ वर्षांचं बोलणं परक्यापाशी गेलं. न सांगावं, तर ती कायमची परक्याशेजारी. त्या टोकाला काकू एकट्याच बसलेल्या. मूलबाळ नाही. त्यांनीही शेजारची जागा राखलीय. माझ्या आईला लेक द्यायचा, तर त्यांचा नवरा त्यांच्यापासून हिरावायचा. कोणत्या तोंडाने?

२ मार्च
चौथ्या रांगेचं प्रकरण लिहिलं. फाडलं. भित्री आहे मी, दुसरं काय!

११ मार्च
आई गेली. सकाळी चहा मागितला, आणि तो उकळेपर्यंतही थांबली नाही. कप तसाच ओट्यावर आहे. मला उचलवत नाही.
तिला सांगायचं राहिलं. आता निदान दादाशेजारी नेऊन तरी ठेवायला हवं. रजिस्टर घेऊन काकूंकडे निघालेय.

१२ मार्च
काकूंनी रजिस्टर उघडूच दिलं नाही. "ह्यांना पुरलं तेव्हा मी तिथेच उभी होते गं. पाट्या चुकल्यात हे सांगायलाच निघाले होते, तर तुझी आई ह्यांच्यापाशी बसून पोराशी बोलत होती. मोडवेना मला. मग मी पोरापाशी जाऊन बसले. लेकराला एकटं कसं ठेवायचं? तिला माझी जागा दे. मी तिची घेईन."
आईला विहिरीपाशी ठेवलं. सगळे पांगल्यावर काकू भिंत धरत धरत फाटकाकडच्या टोकाला गेल्या आणि साठ वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यापाशी बसल्या.